न कळणाऱ्या शिल्पाचा हक्क

जानेवारी २०१२ मध्ये, उत्तर प्रदेशात विधानसभेच्या निवडणुका तोंडावर आल्या असताना, लखनौ आणि नोएडा येथील हत्तींचे पुतळे झाकून टाकण्याचा आदेश निवडणूक आयोगाने दिला. हत्ती हे एका पक्षाचे चिन्ह. म्हणून दगडाचा हत्तीही प्रचारक ठरला. गोमतीकाठच्या त्या आवारात एखादे अमूर्त धातुशिल्प उभे असते, तर त्यातले नेमके काय झाकावे हे आयोगाला सुचले नसते. पण अर्थ हाती न लागल्यामुळे जे आक्षेपातून सुटते, त्याला हलवायचे ठरल्यावर आड येणारेही थोडेच असतात. अशा कृतीचे नगरावर काही ऋण असते काय?

नाही म्हणणाऱ्यांची बाजू दुबळी नाही. पैसा जनतेचा, जागा जनतेची. न रुचलेले पुस्तक मिटता येते. रोज त्याच चौकातून कामावर जाणाऱ्याला ती मुभा नसते. कलेचे कैवारी हा आक्षेप फार घाईने अडाणीपणात जमा करतात. न्यूयॉर्कच्या फेडरल प्लाझात १९८१ साली रिचर्ड सेरा यांचे ‘टिल्टेड आर्क’ उभे राहिले. १२० फूट लांब आणि १२ फूट उंच अशी ती कललेली पोलादी भिंत चौक अक्षरशः दुभंगीत असे. १९८५ च्या जाहीर सुनावणीत १२२ जण तिच्या बाजूने व ५८ जण विरुद्ध बोलले. तरीही १९८९ मध्ये ती कापून हलविण्यात आली. निर्णय चुकीचा म्हणता येईल. परंतु निदान विचारणा झाली. शिल्पकाराला आपले म्हणणे मांडता आले.

दिल्लीच्या विज्ञान भवनात तेवढेही घडले नाही. शासनानेच १९५७ मध्ये अमरनाथ सहगल यांच्याकडे सोपविलेले, सुमारे १४० फूट लांबीचे ब्राँझचे भित्तिशिल्प १९६२ मध्ये पूर्ण झाले. त्यात ग्रामजीवनाचे दर्शन होते. दुर्बोधतेची सबबही तेथे नव्हती. १९७९ मध्ये ते त्यांना न कळविता उतरवून गोदामात टाकले गेले आणि त्याची मोडतोड झाली. मोबदला देऊन घेतलेल्या वस्तूचे काय करावे हे घेणाऱ्याने ठरवावे, अशी शासनाची भूमिका होती. बाजारात हा न्याय चालतो. नगर मात्र शिल्प घेते ते अजून न जन्मलेल्यांच्याही वतीने, आणि त्यांचे मत घेण्याची सोय नसते. म्हणूनच ‘आम्हांला कळत नाही’ एवढ्या आधारावर मोडण्याचा अधिकार आजच्या पिढीला मिळत नाही. २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने शासनाची भूमिका फेटाळून ५ लाख रुपयांची भरपाई आणि उरलेले अवशेष सहगल यांना देण्याचा आदेश दिला. तोवर सव्वीस वर्षे लोटली होती.