प्रदक्षिणा आणि घाणा

वाचकहो, घाण्याचा बैल दिवसभर चालतो आणि संध्याकाळी जिथला तिथेच असतो. देवळाला प्रदक्षिणा घालणारा भक्तही निघाला तिथेच परत येतो. चाल दोघांचीही गोलच. मग एकाला आपण जुंपलेला म्हणतो आणि दुसऱ्याला पुण्यवान, ते कशावरून? हा प्रश्न गेल्या पौषात इंदुरीस आमच्यापुढे उभा राहिला.

कीर्तनसेवेसाठी तिथे मुक्काम होता. तुकोबाराय जिथे एकांतास बसत तो भंडारा डोंगर जवळच. पहाटे तिकडे निघालो, तो पायथ्याशी दहा-बारा तरुण धावताना दिसले. चौकशी केली. पाच किलोमीटरची पायवाट, तिची बारा आवर्तने, म्हणजे 60 किलोमीटर. रात्री दहाला निघालेले. 42 किलोमीटर 195 मीटरच्या मॅरेथॉनहून लांब धाव ती अल्ट्रामॅरेथॉन, असे कळले. बक्षीस नाही, मंडप नाही, कर्णा नाही. एक मेज, त्यावर पाणी, मीठ, गूळ-शेंगदाणे, केळी आणि शेजारी चुलीवर भाताची पेज. वाट गोल का? तर एकाच ठिकाणी सोय पुरते, कोणी रानात हरवत नाही आणि दर फेरीस माणूस नजरेखालून जातो. अमेरिकेत न्यूयॉर्क शहरी श्रीचिन्मय यांनी 1997 साली सुरू केलेली एक धाव अशीच आहे म्हणे. एका शाळेभोवतीची सुमारे 883 मीटरची फेरी, आणि 52 दिवसांत तिच्यावर 3100 मैल!

एवढ्यात दहावी फेरी संपवून एक पोरगा आला. कपडे घामाने चिंब. सखल शेतात पहाटे थंड हवा साचून राहते. धावताना अंगात ऊब असते, पण पाय मंदावले की ओले कपडे ती ओढून घेतात. पोराचे दात वाजत होते, जीभ अडखळत होती, सदऱ्याची गुंडी काढता येईना. मेजापाशी असलेल्या मुलीने त्याला थांबविले, कोरडे कपडे दिले, घोंगडी पांघरली. तो रडू लागला. आम्हास म्हणाला, "बुवा, दोनच राहिल्यात हो. माझा नेम मोडला का?"

आम्ही लगेच बोललो नाही. पहिल्या हुडहुडीला जो सुटतो तो नेम कसला? कष्टावाचून तप नाही. पण गीतेच्या 17व्या अध्यायात भगवंतांनी तपाचे तीन प्रकार सांगितले आहेत. फळाची आशा सोडून श्रद्धेने केलेले ते सात्त्विक, मानसन्मानासाठी केलेले ते राजस आणि मूढ हट्टाने देहाला पिडून केलेले ते तामस. पाय तिन्हींचे सारखेच दुखतात, हीच तर अडचण! बाहेरून ओळखणार कसे?

आम्हास आमचीच गोष्ट आठवली. तरुणपणी वारीत पायाला गळू झाले. दिंडीतील वडीलधारे म्हणाले, गाडीत बसा. आम्ही बसलो नाही. लोक "काय ही निष्ठा!" म्हणत, ते गोड वाटे. तिसऱ्या दिवशी तापाने पडलो. दोघा वारकऱ्यांनी दिंडी सोडून आम्हास दवाखान्यात नेले आणि उशाशी बसून राहिले. त्यांची पंढरी त्या साली चुकली. नेम आमचा, दंड त्यांना. कीर्तनात इतकी वर्षे निष्ठेवर बोललो, पण हे कधी सांगितले नाही.

तेव्हा त्या पोराला म्हणालो, "बाळा, ज्याला थांबता येत नाही तो जुंपलेला. मग जू मालकाने ठेवलेले असो की आपल्याच अभिमानाने. तू थांबलास, तुझा नेम मोडला नाही, जू मोडले."

प्रदक्षिणेच्या मध्यभागी गाभारा असतो, म्हणून ती प्रदक्षिणा. घाण्याच्या मध्यभागी दुसऱ्याचे तेल. या पोरांच्या फेरीत काय होते? गाभारा नव्हता खरा. पण दर वेळी जिथे परतायचे तिथे चूल होती आणि चेहरा पाहून "बस जरा" म्हणणारे माणूस होते. हे थोडे नव्हे.

ऊन वर आल्यावर आम्ही परत फिरलो. तो पोरगा घोंगडी पांघरूनच चुलीपाशी उभा होता आणि येणाऱ्यांना पेज वाढीत होता. आम्हासही एक वाटी मिळाली.