सतरा नंबर, उभा राहा

"प्राग पूर्ण केलं! नेक्स्ट व्हिएन्ना!" असं तू आपल्या दहावीच्या ग्रुपवर टाकलंस आणि त्यामागून २१२ फोटो सोडलेस. पूर्ण केलं म्हणे. स्वाध्याय पूर्ण करतात, सोळा सोमवार पूर्ण करतात. हजार वर्षांचं गाव अडीच दिवसांत पूर्ण करणारा तू पहिलाच.

चष्मा पुसून मी एकूण एक फोटो बघितला. तुला वाटलं असेल, बाई दोन बघतील आणि अंगठा दाखवतील. मी चाळीस वर्षं वह्या तपासल्या आहेत. न बघता सही करायची सवय मला नाही, आणि न लिहिता सही मागायची तुझी सवय अजून गेलेली दिसत नाही. मी प्रागला गेलेले नाही, माझ्याकडे पासपोर्टही नाही. म्हणून "बाईंना तिथलं काय कळतंय" असं मनात आणू नकोस. मी अणूच्या आतही गेले नव्हते, तरी तुला तो शिकवला.

फोटो क्रमांक १४. टाऊन हॉलचं खगोलीय घड्याळ, त्याच्याकडे पाठ करून तू, हात लांब, तोंडाचा चंबू. खाली मजकूर: "बाहुल्या हलतात, बास. ओव्हररेटेड." अरे, ते घड्याळ १४१० पासून तिथे आहे. शिवाजी महाराजांचा जन्म व्हायला तेव्हा दोनशेहून जास्त वर्षं अवकाश होता. तबकडीच्या डाव्या हाताला एक बाहुला आरसा धरून उभा आहे, दिसला का? स्वतःचंच थोबाड निरखणारा. तो अहंकार. त्याच्या शेजारी पैशाची थैली घेतलेला कंजूष. पलीकडच्या बाजूला सांगाडा. तास भरला की सांगाडा दोरी ओढून घंटा वाजवतो आणि बाकीचे "नाही, नाही" म्हणत माना हलवतात. तुझ्या फोटोत तो आरसेवाला बरोब्बर तुझ्या डोक्यावर आला आहे. दोघंही एकाच कामात गुंग. वर्गात दाखवायला याहून चांगलं चित्र मला मिळालं नसतं.

आणि रडगाणं काय, तर "चारलाच अंधार, अर्धा दिवस फुकट". तू ज्याला ओव्हररेटेड म्हणालास, त्याच घड्याळावर याचं उत्तर लिहिलेलं होतं. बाहेरच्या कड्यावर जे २४ आकडे आहेत ते जुन्या चेक पद्धतीचे तास. ते सूर्यास्तापासून मोजायचे. सूर्य मावळला की चोवीस वाजले, दिवस संपला, घरी चला. त्याच तबकडीवर दुसरी एक मोजणी आहे. उगवतीपासून मावळतीपर्यंतच्या वेळाचे नेहमी बाराच भाग करायचे. डिसेंबरात प्रागचा दिवस जेमतेम आठ तासांचा, म्हणजे तो 'तास' आपल्या चाळीस मिनिटांचा. जूनमध्ये तोच ऐंशीच्या वर जातो. आपल्या पंचांगात दिनमान छापलेलं असतं, ते काय असतं हे मी सातवीत सांगितलं होतं. तू तेव्हा खिडकीबाहेर बघत होतास. आता खिडकीबाहेर उभा राहूनही तुला ते दिसत नाही.

त्याच चौकात, टाऊन हॉलच्या पायाशी, फरसबंदीत पांढऱ्या दगडाचे २७ क्रूस आहेत. २१ जून १६२१ ला तेव्हाच्या बादशहाविरुद्ध बंड करणाऱ्या २७ जणांना तिथे मारलं. फोटो ३१ मध्ये तुझे बूट त्यातल्या दोघांवर आहेत. नव्या बुटांचा फोटो होता ना तो?

खाण्यावर मी जास्त बोलत नाही. साखरेत घोळवलेल्या पिठाच्या नळीत आइस्क्रीम भरून घेतलंस आणि "ऑथेंटिक चेक" म्हणून मिरवलंस. दुकानाच्या पाटीवर 'जुनं चेक' लिहिलं होतं म्हणून? त्या नळीवर, म्हणजे त्र्देलनिकवर, हक्क सांगणारं गाव स्कालित्सा, आणि ते स्लोव्हाकियात आहे. खरा प्रागचा नाताळ तुझ्या समोर रस्त्यात पिंपात पोहत होता. त्याला बघून तू म्हणालास, "ईऽऽ, जिवंत मासे!" अलिबागचा मुलगा मासळी बघून ईऽऽ करतो, हे वाचून मी फोन पालथा ठेवला. नाताळच्या आदल्या रात्री चेक घरात तळलेला कार्प आणि बटाट्याचं सॅलड असतं. चार दिवस आधीपासून रस्त्यांवर पिंपं मांडून तो जिवंत विकतात. कित्येक घरांत तो तोवर न्हाणीच्या टबात ठेवायची रीत होती, पोरं त्याला नाव ठेवायची आणि मग चोवीस तारखेला रडायची. त्याचा एक खवला पाकिटात ठेवला की वर्षभर पैसा टिकतो म्हणतात. (गोड्या पाण्यातला मासा मला स्वतःला चालत नाही, पण तो माझा प्रश्न.)

आता पूल. चार्ल्स पुलावर बर्फ भुरभुरतंय, तू हात पसरून गोल फिरतोयस, मागे हिंदी गाणं. असे अकरा व्हिडिओ. अकरा! दहावीत केप्लरचे तीन नियम तुझ्याकडून मी पाच-पाच वेळा लिहून घेतले होते. त्यातले पहिले दोन ज्या पुस्तकात आले ते १६०९ चं, आणि तेव्हा हा माणूस प्रागमध्येच राजगणिती होता. तू ज्या कार्लोवा गल्लीतून पुलाकडे आलास, त्याच गल्लीत काही वर्षं त्याचं बिऱ्हाड होतं. त्या नियमांसाठी ज्याने मंगळाच्या नोंदी मागे ठेवल्या तो टायको ब्राहे चौकातल्याच 'तीन' नावाच्या चर्चमध्ये पुरलेला आहे. ते चर्च तुझ्या सात फोटोंत मागे आहे.

पण मला खरा राग आला तो बर्फामुळे. हिवाळ्यात केप्लर हाच पूल ओलांडत होता. नव्या वर्षाची भेट मित्राला द्यायची, आणि खिशात काही नाही. बादशहाकडे पगार कायम थकलेला. तेवढ्यात कोटावर बर्फाचे कण पडले. त्याने बघितलं, तर प्रत्येकाला सहा टोकं. पाच नाही, सात नाही. का? त्याने तोच प्रश्न मित्राला भेट दिला. १६११ मध्ये त्याची छोटी पुस्तिका छापली गेली. तीत मधमाश्यांचं पोळं आहे, डाळिंबाचे दाणे आहेत, गोळे कमीत कमी जागेत कसे रचायचे हा विचार आहे. बाजारात फळवाला मोसंबी रचतो तशीच ती रचणी, आणि याहून दाट रचणी नाही हे सिद्ध करायला गणितज्ञांना १९९८ उजाडलं. बर्फाला सहाच टोकं का, हे केप्लरला शेवटपर्यंत सुटलं नाही, आणि तसं त्याने सरळ कबूल केलं. तुझ्या जॅकेटच्या बाहीवर तोच बर्फ, तोच पूल, तोच ऋतू. व्हिडिओ चारमध्ये तू बाही झटकलीस. एवढंच केलंस.

पुढे. फोटो ८८. पुलावरच्या एका पुतळ्याच्या चौथऱ्यावर कॉफीचा पेला ठेवून तू रेललायस. तो पुतळा कोणाचा, विचारलंस कुणाला? नववीच्या सहलीत जुन्या गोव्याला बॉम जेझूत मी तुमची डोकी तीनदा मोजली होती, कारण तू चांदीच्या पेटीसमोरून हलत नव्हतास. "बाई, आत खरंच माणूस आहे?" असं विचारून तू मला भंडावलं होतंस. तोच हा. फ्रान्सिस झेवियर. ब्रोकॉफने १७११ मध्ये घडवला. खाली दूरदेशीची माणसं त्याचा भार खांद्यावर घेऊन उभी आहेत. त्यांच्याकडे बघून तुला काय वाटलं असतं, ते मला ऐकायचं होतं. १८९० च्या पुरात मूळ पुतळा नदीत पडला, आता आहे ती १९१३ ची प्रतिकृती. चौदा वर्षांचा असताना तुझ्याजवळ प्रश्न होता. आता कॉफी आहे.

आणि शनिवार. हे मी शेवटी ठेवलं, कारण यावर माझा आवाज चढतो. "ज्यू क्वार्टर बंद. पैसे टाकून आलेल्या टुरिस्टची काही किंमतच नाही. फालतू मॅनेजमेंट." हे तुझे शब्द. तिथल्या पिंकास सिनेगॉगच्या भिंतींवर नाझींनी मारलेल्या बोहेमिया-मोराव्हियाच्या सुमारे ७८ हजार ज्यूंची नावं हाताने लिहिलेली आहेत. मधल्या कम्युनिस्ट राजवटीत ती पुसली गेली, १९९२ ते १९९६ मध्ये पुन्हा एकेक करून लिहिली. वरच्या मजल्यावर तेरेझिनच्या छावणीतल्या मुलांनी काढलेली चित्रं आहेत. ते दार शनिवारी उघडत नाही, कारण तो शब्बाथ, ज्यूंचा विश्रांतीचा वार.

हे दुसरीकडे कुठे वाढलेल्या एखाद्याला ठाऊक नसतं, तर मी समजू शकले असते. तू राहायचास कुठे? अलिबागच्या इस्राएल आळीपासून पाच मिनिटांवर. मागेन अबोथ सिनेगॉगवरून रोज शाळेत यायचास. कोकणातल्या ज्यूंना, बेने इस्राएलांना, लोक शनवार तेली का म्हणायचे? शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून. त्यांच्या पूर्वजांचं गलबत जिथे फुटलं असं सांगतात, त्या नवगावला मी तुम्हाला सायकलवरून नेलं होतं. परत येताना तुझी चेन पडली होती, आठवतं? शनिवारचा अर्थ तुला आपल्याच गावात फुकट मिळाला होता आणि तू तो हजारो मैलांवर जाऊन बंद दारासमोर शिवी म्हणून वापरलास.

व्हिएन्नाचे फोटो मला पाठवू नकोस. मे महिन्यात घरी येशील तेव्हा आधी इस्राएल आळीत जा, मग माझ्याकडे ये. वही घेऊन ये. आणि वार बघून जा.