पलटन, रिसाला, तोफखाना आणि हातातला फोन

हिंगोलीच्या जुन्या वस्तीत एखाद्या पडक्या घरासमोर उभं राहून फोन वर केला, की आतून कुणीतरी बाहेर येतंच. "नगरपालिकेकून आलात का? पाडायलेत का काय?" प्रश्न अगदी रास्त आहे. महाराष्ट्र नगरपरिषद अधिनियम, १९६५ प्रमाणे धोकादायक इमारतीला नोटीस निघते, आणि नोटिशीच्या आधी कुणीतरी येऊन फोटो काढून जातं. नाहीतर फोटो काढणारा जागेचा सौदा जमवणारा निघतो. घरातल्या माणसांच्या लेखी भिंतीचा फोटो म्हणजे घर जाण्याची पहिली पायरी.

हल्ली तिसराच माणूस या गल्ल्यांतून हिंडू लागलाय. तो हौसेने येतो. त्याला सुटलेले पोपडे हवे असतात, बिजागरीवर लोंबणारं दार हवं असतं, भिंतीतून फुटलेला पिंपळ हवा असतो. संध्याकाळच्या उन्हात हे सगळं देखणं दिसतं, यात शंका नाही. पण पिंपळाची मुळं ज्या भिंतीत शिरली आहेत, तिच्या पलीकडे कुणाची तरी खाट आहे. पडझडीचं नुसतं देखणेपण टिपणारा फोटो मला अपुरा वाटतो आणि अन्यायाचाही. घर का पडलं, हे त्यात कुठेच येत नाही.

ते सांगण्यासारखं आहे. मराठवाड्यातलं जुनं घर माळवदाचं. सागवानी तुळया, त्यांवर फळ्या आणि वर मातीचा जाड थर. त्या थरावर दरसाल पावसाळ्याच्या तोंडावर पांढरी माती घालावी लागते, पन्हाळी मोकळ्या कराव्या लागतात. चार-दोन वर्षं हे चुकलं की पाणी तुळईपर्यंत जातं, मग वाळवी, मग ताडपत्री. आणि चुकतं ते आळसाने नव्हे. घर चार भावांत वाटलेलं, त्यातले दोघे पुण्या-संभाजीनगरला. दुकानाचं भाडं आजोबांच्या काळातलं. १९५४चा हैदराबाद राज्याचा घरभाडे कायदा जाऊन ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आला, त्यात वर्षाला चार टक्के वाढीची मुभा आहे. पण मूळ रक्कमच एवढी थोडी की त्या वाढीतून एक तुळईसुद्धा बदलता येत नाही. मालक खर्च करत नाही, कारण मिळत काही नाही. भाडेकरू करत नाही, कारण घर त्याचं नाही.

त्यात भीतीही आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात दगडमातीच्या जाड भिंतींनीच माणसं गाडली, आणि तेव्हापासून अख्ख्या मराठवाड्याची माळवदावरची श्रद्धा उडाली. हिंगोली जिल्ह्यात तर ही आठवण जुनी होऊच शकत नाही. २१ मार्च २०२४ च्या सकाळी आणि पुन्हा १० जुलैला ४.५ तीव्रतेचे धक्के बसले. अशा सकाळी जुन्या घरातली बाई लेकरं घेऊन रस्त्यावर येते. तिच्या भिंतीतल्या भेगेला सुंदर म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

तरी फोटो काढायलाच हवेत, असं माझं ठाम मत आहे. हिंगोली ही निजामाच्या राज्यातली इंग्रज अधिकाऱ्यांखालच्या हैदराबाद कंटिंजंट फौजेची छावणी. ती फौज १९०३ साली संपली, पण पलटन, रिसाला बाजार, तोफखाना, पेन्शनपुरा, सदर बाजार ही नावं आजही रिक्षावाल्याला पुरतात. सव्वाशे वर्षांपूर्वी उठलेली छावणी पत्त्यांमध्ये शाबूत आहे. मात्र त्या बाजाराचं चित्र काढलं ते नेहमी दुसऱ्याने. मेडोज टेलर या इंग्रज अधिकाऱ्याची ठगावरची प्रसिद्ध कादंबरी १८३९ साली आली. तिच्या प्रस्तावनेत हिंगोली छावणीतल्या हरीसिंग नावाच्या प्रतिष्ठित व्यापाऱ्याची हकीकत आहे. टेलरने स्वतः त्याच्याशी व्यवहार केला होता, आणि तोच ठगांचा म्होरक्या निघाला. इंग्रजी वाचणाऱ्या जगाला हिंगोलीची पेठ माहीत झाली ती अशी. कॅमेरा आला तोही दरबाराकडे: राजा दीनदयाळ १८९४ साली सहाव्या निजामाचे दरबारी छायाचित्रकार झाले. पेन्शनपुऱ्यातला शिपाई, हळद तोलणारा हमाल, रंगाऱ्याची बायको यांच्या हाती ना लेखणी होती ना कॅमेरा. आज त्यांच्या पणतवंडांच्या खिशात फोन आहे. या गावाच्या इतिहासात ही गोष्ट पहिल्यांदाच घडते आहे, आणि ती वाया जाऊ नये.

बाहेरच्यांच्या कॅमेऱ्याने काय होतं, ते अमेरिकेतल्या डेट्रॉइटने पाहिलंय. १९८८ च्या जानेवारीत तिथल्या भव्य रेल्वे स्थानकातून शेवटची गाडी गेली, आणि पुढची कित्येक वर्षं जगभरचे छायाचित्रकार त्या भग्न दालनांचे फोटो नेत राहिले. शहरात राहणाऱ्या लाखो लोकांना त्या चौकटीत जागा नव्हती. डेट्रॉइटकरांचा राग त्याचाच होता. फोर्ड कंपनीने ते स्थानक दुरुस्त करून जून २०२४ मध्ये उघडलं.

मग आपण काय टिपावं? मला ते एका दुकानदार काकांनी शिकवलं. त्यांच्या दुकानाला शटर नाही, अजून फळ्याच आहेत. खोबणीत एकामागे एक सरकवायच्या, शेवटची लावली की आडवी पट्टी आणि कुलूप. क्रम चुकला तर बसत नाहीत, म्हणून प्रत्येकीवर आकडा कोरलेला. सहावी फळी बाकीच्यांपेक्षा फिकी; वाळवीने खाल्ल्यावर बदललेली, बाभळीची. मी गंजलेल्या कडीवर फोन रोखला, तसे काका म्हणाले, "आत्ता काय काढायलात? रातच्याला या, फळ्या लावल्यावर. आकडे तवाच दिसतेत." त्यांच्या दुकानात काय पाहण्यासारखं आहे, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं.

जिल्हा १९९९ साली झाला, कचेऱ्या आणि नवी दुकानं बाहेरच्या रस्त्यांकडे सरकली, हळदीची उलाढाल मार्केट यार्डात गेली. जुन्या पेठेतलं बरंच काही येत्या काही वर्षांत पडेल, आणि पडायलाही हवं. माणसांना पक्कं छत मिळालंच पाहिजे. फळ्यांच्या जागी शटर येईल, सागवान विकलं जाईल. त्याआधी त्या घराची वहिवाट कुठेतरी उतरली पाहिजे: माती कोण घालायचं, कोनाड्यात काय असायचं, ओट्यावर कोण बसायचं.

म्हणून वाचकांना एक विनंती. दिवाळीला गावी जाल तेव्हा आपल्या आळीचे फोटो काढा. आधी विचारा, मग काढा. घरातल्या माणसाला फोटो दाखवा, आणि नको म्हणाला तर तिथेच पुसून टाका. भिंतीसोबत तिच्या आसऱ्याला चालणारं काम येऊ द्या. फोटोखाली गल्लीचं नाव, तारीख आणि घरच्यांनी सांगितलेली एक ओळ लिहा. व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा पाठवलेला फोटो बारीक होतो आणि त्यातली तारीख-ठिकाणाची नोंद गळून पडते. तोच 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर जसाच्या तसा पोचतो. आणि एक प्रत कागदावर छापून त्या घरात नेऊन द्या.