टोकन देण्याआधी

चि. भाचीस,

बदलापूर पूर्वेला नव्या टॉवरमध्ये वन बीएचके बुक करायचे चालले आहे, असे ताईकडून कळले. टोकन देण्याआधी हे पत्र वाच.

समज, तू ३० लाखांचे कर्ज काढलेस. ९ टक्के व्याजाने २० वर्षांसाठी हप्ता बसतो सुमारे २७ हजार. पहिल्या हप्त्यातले साडेबावीस हजार नुसत्या व्याजात जातात, मुद्दल फिटते साडेचार हजार. वीस वर्षांत बँकेला जाणार जवळजवळ ६५ लाख. एवढा हप्ता डोक्यावर असताना नोकरी सोडायची, पुढे शिकायची, वर्षभर आजारी आईजवळ राहायची हिंमत कुणाला होते? मला पैशांपेक्षा हे जास्त सलते.

मालकीची ओढ मला कळते गं. अंबरनाथला विमको या काडेपेटी कारखान्याच्या नाहीतर आयुध निर्माणीच्या क्वार्टरमध्ये अख्खी नोकरी काढलेली माणसे मी जवळून पाहिली आहेत. निवृत्त झाले की क्वार्टर रिकामे करायचे आणि पन्नाशी-साठीत नव्याने भाड्याची खोली शोधायची. त्यांनी पोरांना एकच सांगितले, आधी घर कर. भाड्याने राहणाऱ्यांचे हाल तर तू स्वतः बघतेस. दर अकरा महिन्यांनी करार, दलाली, सामानाचा टेम्पो आणि मुलांची शाळा लांब पडते ती वेगळीच.

पण आपल्या पट्ट्यात मालकी म्हणून हातात नेमके काय पडते, ते एकदा उल्हासनगरात जाऊन बघ. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीतल्या बराकींमध्ये सिंधी निर्वासित आले आणि ८ ऑगस्ट १९४९ला तिचे उल्हासनगर झाले. त्यांच्या नावे जमिनीच्या सनदा झाल्या. पुढे बराकींच्या जागी मजले चढले, कितीतरी विनापरवाना. २००५ साली उच्च न्यायालयाने ८५५ बेकायदा इमारती पाडायला सांगितल्या. लोक बेघर होतील म्हणून २००६मध्ये सरकारने खास या शहरापुरता नियमितीकरणाचा कायदा केला. तरी मे २०२१मध्ये एकाच महिन्यात दोन इमारतींचे स्लॅब कोसळून माणसे दगावली. अशा घरांत राहणाऱ्यांकडेही करारनामा असतो, वीजबिल असते, घरपट्टीची पावती असते. तेही स्वतःला मालकच म्हणतात.

आता तुमच्या जुन्या बिल्डिंगच्या गेटवरची पाटी नीट वाच. सोसायटीच्या नावाखाली नोंदणी क्रमांक आहे, टीएनएने सुरू होणारा. त्यात एचएसजीनंतर कंसात टीसी लिहिलेले असेल. टीएनए म्हणजे ठाणे, एचएसजी म्हणजे गृहनिर्माण आणि टीसी म्हणजे भाडेकरू सहभागीदारी संस्था. १९६१च्या सहकारी संस्था नियमांत हा प्रकार आहे. यात जमीन आणि इमारत दोन्ही संस्थेची, आणि सभासदाला मिळतो तो भाग, म्हणजे शेअर, आणि राहण्याचा हक्क. कायद्याच्या नजरेत तुझे बाबा आजही असेच सभासद आहेत. फ्लॅट बाजारभावाने विकता येतो म्हणून आपण ते विसरून गेलो, एवढेच.

ही पद्धत ज्यांनी इथे रुजवली त्यांचे नाव रावबहादूर श्रीपाद सुब्राव तालमकी. १९०४च्या कायद्यात सहकार फक्त पतपुरवठ्यापुरता होता. १९१२च्या कायद्याने इतर संस्थांना वाट मोकळी केली आणि १९१५ साली मुंबईत गावदेवीला सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था उभी राहिली. इमारती संस्थेच्या, सभासद भाडेकरू, आणि भाडे जायचे ते आपल्याच संस्थेला. मालक भाडे वाढवील, बाहेर काढील, ही धास्ती नाही आणि डोक्यावर स्वतंत्र कर्जही नाही. ती संस्था एका ज्ञातीपुरती होती, हे मला खटकते. आपण तसे करता कामा नये. पण पगारदार माणसांनी मुंबईसारख्या शहरात हे करून दाखवले, ही गोष्ट मला फार मोठी वाटते.

उरुग्वेत १९६८च्या कायद्यानंतर कामगार कुटुंबांनी अशाच संस्था काढल्या. घरे सभासदांनी स्वतः राबून बांधली. घर विकता येत नाही, पण आयुष्यभर राहता येते आणि सोडून जाताना आपला भाग परत मिळतो.

आपल्याकडे सरकारने भाड्याच्या घरांचा प्रयत्न केलाच नाही असे नाही. एमएमआरडीएने २००८मध्ये १६० चौरस फुटांच्या भाडेघरांची योजना आणली. त्यातली पनवेलजवळच्या कोनची घरे शेवटी गिरणी कामगारांना सोडतीने विकली गेली. कामगारांना घरे मिळाली याचा आनंदच आहे, पण भाड्याचे घर भाड्याचे म्हणून टिकले नाही. माझ्या मते ते सरकारच्या हातात टिकणारही नाही. टिकेल ते सोसायटीच्या हातात.

म्हणून माझे मागणे असे. तुमची बिल्डिंग आज ना उद्या पाडून बांधावी लागणारच आहे. आधी अभिहस्तांतरण झाले आहे का ते बघ, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर आली का. बिल्डर करून देत नसेल, तर २००८पासून मानीव अभिहस्तांतरणाचा मार्ग उघडा आहे. मग स्वयंपुनर्विकास, म्हणजे बिल्डरकडे न देता सोसायटीने स्वतःच इमारत नव्याने बांधणे. त्याचा शासन निर्णय सप्टेंबर २०१९चा आहे आणि मुंबईत जिल्हा मध्यवर्ती बँकेने त्यासाठी सोसायट्यांना कर्ज दिले आहे. जे जादा फ्लॅट निघतील त्यातले कर्ज फेडण्यापुरते विका. राहिलेले तीन-चार सोसायटीच्याच नावावर ठेवा आणि तुझ्यासारख्या तरुण जोडप्यांना रास्त भाड्याने, लांब मुदतीने द्या. ते भाडे पुढे दुरुस्तीला कामी येईल. सगळे लगेच हो म्हणणार नाहीत. फ्लॅट विकला तर हातात रोख येते आणि रोख सगळ्यांना दिसते.

एवढे करूनही टॉवरमध्येच घ्यायचे ठरले, तर महारेराच्या संकेतस्थळावर त्या प्रकल्पाची नोंद, जमिनीचे मालकीपत्र आणि खटले तपासल्याशिवाय एक रुपयाही देऊ नकोस.

वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. बाबांना सांगून सहयोगी सदस्यत्वाचा अर्ज आत्ताच दे आणि हा विषय विषयपत्रिकेवर घ्यावा असे सचिवांना लेखी कळव. पत्राची पोच घे.

तुझा,
मामा