टांगा आहे, हाकणारा नाही

एस.टी.त गप्प बसलेला माणूस तुम्ही पाहिलाय? आमच्या संभाजीनगरहून चाळीसगावची गाडी धरा. कन्नड येईपर्यंत कांद्याचे भाव, सुनेचा स्वभाव आणि अमेरिकेचं धोरण, सगळ्यांचा निकाल लागतो. पण कुणी शेजाऱ्याला आडनाव विचारलं आणि उत्तर ऐकून अंग चोरून बसलं, की अख्ख्या गाडीला एकदम खिडकीबाहेरचा निसर्ग आवडू लागतो!

याच चाळीसगावात १९२९ साली बाबासाहेब आंबेडकर उतरले, तर एकही टांगेवाला त्यांना न्यायला तयार होईना. शेवटी तोड निघाली : टांगा मिळेल, हाकणारा मिळणार नाही. वस्तीतल्याच एका नवख्यानं लगाम धरला. मोरीवर टांगा कलंडला, बाबासाहेब दगडी फरशीवर आदळले, पाय मोडला.

आपली सहानुभूतीही अशीच. टांगा देते, लगाम धरत नाही. मनातल्या मनात हळहळ भरपूर! पण बँकेत खतावण्या लिहून एक कळलंय, रक्कम कुठंतरी जमा होतेच. आपलं मौन अपमान करणाऱ्याच्या खात्यात जमा होतं.

"या हो, इकडं बसा," एवढंच तर म्हणायचं असतं. त्याला वेगळं तिकीट पडत नाही.