गर्जना कोणाची?

मुलांना ज्ञानाची गोडी लागावी म्हणून त्यात असत्याची थोडी साखर मिसळणे योग्य आहे काय? प्रश्न जुना आहे. विष्णुशर्म्याने राजपुत्रांना नीती शिकविली ती कोल्ह्याकावळ्यांच्या तोंडून, आणि त्याबद्दल त्यास कोणी असत्यवादी म्हटलेले नाही. परंतु हाच प्रश्न विज्ञानाच्या मंदिरात उभा राहिला म्हणजे त्याचे स्वरूप पालटते, असे आम्हांस वाटते.

अलीकडेच एका रविवारी आम्ही सहकुटुंब एका विज्ञान-संग्रहालयातील डायनोसॉरांचे दालन पाहण्यास गेलो होतो. परप्रांतात बदलीवर असलेल्या कुटुंबाला जवळपास आजोळ नसते, काकामामांची घरे नसतात. तेव्हा अशी स्थळे म्हणजे मुलांच्या रविवारचा मोठाच आधार. दालनात अंधुक हिरवा प्रकाश होता. कळ दाबताच रबरी कातडीचा तो प्रचंड प्राणी मान वळवी, पापण्या मिटी आणि अशी काही गर्जना करी, की आमच्या धाकट्या चिरंजीवांनी तत्काळ आईच्या पदराचा आश्रय घेतला. थोरल्या मुलीने मात्र तीनदा कळ दाबली व विचारले, "बाबा, हा खरंच असाच ओरडायचा?" आम्ही म्हणालो, "ते कोणालाच ठाऊक नाही." क्षणभर थांबून ती म्हणाली, "मग हा आवाज कोणाचा आहे?"

प्रश्न लहान तोंडचा असला, तरी लहान नव्हे. हाडे दगड होऊन कोट्यवधी वर्षे टिकतात. पण ध्वनी उत्पन्न करणारे अवयव बहुतांशी मृदू, ते सहसा टिकत नाहीत. डायनोसॉरांचे आज हयात असलेले आप्त म्हणजे पक्षी आणि मगरी. त्यांच्यावरून अनुमान बांधून काही अभ्यासक म्हणतात, की कित्येक डायनोसॉर तोंड मिटूनच खोल घुमणारा आवाज काढीत असावेत. आपल्या कानांत बसलेली गर्जना मात्र चित्रपटाची आहे. १९९३ सालच्या 'जुरासिक पार्क'मधील त्या महाकाय हिंस्र प्राण्याचा आवाज हत्तीचे पिलू, वाघ आणि मगर यांच्या आवाजांच्या मिश्रणातून सिद्ध केलेला होता.

आमच्या सौभाग्यवतींचे मत निराळे पडले. त्या म्हणाल्या, "अहो, चंद्राला आपण चांदोमामा म्हणतोच ना? त्यात फसवणूक कुठली? मुलं आधी भ्यायली, हसली, म्हणजे मग हाडंही पाहतील." या म्हणण्यात तथ्य आहे. शेजारच्याच काचेच्या पेटीत एक खरे अश्मीभूत हाड ठेवले होते, आणि तेथे चिटपाखरूही नव्हते. कुतूहल जागे झाल्यावाचून ज्ञानाचा प्रवेश होत नाही, हे कोणत्याही शिक्षकास मान्य व्हावे. तथापि चांदोमामा अंगणातला आहे. तो मामा नव्हे हे मुलाला हळूहळू आपोआप उमगते, आणि त्यामुळे आईवरचा त्याचा विश्वास ढळत नाही. संग्रहालयात आपण जातो ते मात्र तेथील शब्द प्रमाण मानून. जेथे विश्वास आधीच ठेवलेला असतो, तेथे कल्पनेची जबाबदारी वाढते.

येथे कोणी म्हणेल, विज्ञानाच्या हातून चुका होत नाहीत काय? अवश्य होतात. १८५४ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेस उद्यानात वॉटरहाउस हॉकिन्स या शिल्पकाराने डायनोसॉरांचे प्रचंड पुतळे उभारले. त्यांतील इग्वानोडॉनच्या नाकावर त्याने एक शिंग बसविले. पुढे १८७८ साली बेल्जियममधील बर्निसार येथील कोळशाच्या खाणीत या प्राण्याचे सबंध सांगाडे मिळू लागले, तेव्हा उलगडा झाला, की ते शिंग नसून अंगठ्याचे हाड होते! पुतळे आजही उभे आहेत. परंतु हॉकिन्सला कोणी लबाड म्हणत नाही. हाती असलेल्या पुराव्यावरून त्याने प्रामाणिक तर्क केला आणि तो चुकला. चूक आणि असत्य यांची जात एक नव्हे.

याहूनही विचार करण्याजोगे उदाहरण आपल्या देशातले आहे. गोदावरीच्या खोऱ्यात पोचमपल्ली गावाजवळ १९५८ ते १९६१ च्या सुमारास एका अजस्र प्राण्याची सुमारे ३०० हाडे सापडली. ज्या खडकांत ती मिळाली त्यांना 'कोटा' हे नाव आहे, आणि ते कोटा गाव आपल्याच सिरोंचा तालुक्यातले. मांडीचे हाड पाच फुटांहून अधिक लांब. म्हणून 'मोठ्या पायाचा' या अर्थी 'बारापासॉरस' आणि रवींद्रनाथांच्या जन्मशताब्दीचे स्मरण म्हणून 'टागोराय', असे त्याचे नामकरण १९७५ साली झाले. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत त्याचा सांगाडा उभा आहे. पण हा सांगाडा एका प्राण्याचा नव्हे! ती हाडे किमान सहा प्राण्यांची होती आणि काही दात सोडल्यास मस्तक मिळालेच नाही. म्हणजे ज्याला आपण अस्सल म्हणतो, त्यातही जुळणी आहे आणि तर्कही आहे. मग रबरी प्राण्याने काय पाप केले?

आम्हांस वाटते, भेद वस्तूत नसून तिच्याविषयीच्या कबुलीत आहे. कचेरीत आयुष्य घालविणाऱ्या आपल्या वाचकांना हे सांगावयास नकोच. मूळ कागद हाती नसला म्हणून काम अडत नाही, नकलेवरही चालते. परंतु त्या नकलेवर 'नक्कल' असा शेरा आणि खाली सही असावी लागते. तो शेरा खोडून तीच नक्कल मूळ म्हणून पुढे केली, तर तीतले अक्षरन् अक्षर बरोबर असूनही तो गुन्हा ठरतो. बारापासॉरसच्या अभ्यासकांनी किती हाडे, किती प्राणी आणि काय मिळाले नाही, हे सर्व लिहून ठेवले. गर्जनेवर मात्र कोणाचीच सही नसते.

'हा देखावा काल्पनिक आहे' अशी पाटी आम्ही पाहिलेल्या दालनातही होती. परंतु ती कोपऱ्यात, बारीक अक्षरांत. येथे धर्मराजाची आठवण होते. त्याने सत्याचा उत्तरार्ध उच्चारला होता. केवळ हळू उच्चारला, आणि शंखध्वनीत तो बुडून गेला. तरीही त्याचा रथ भूमीला टेकलाच. गर्जना जेवढ्या मोठ्याने होते, तेवढ्याच मोठ्याने तिची मर्यादाही सांगितली गेली पाहिजे.

त्याने मुलांचा आनंद नासेल, ही भीती आम्हांस निराधार वाटते. सर्व काही माहीत आहे असा समज करून दिलेल्या मुलाला शोधण्यासारखे काय उरते? उलट येथपर्यंत ठाऊक आहे आणि येथून पुढे अंधार आहे, असे ज्याला सरळ सांगितले, त्याचे पाऊल त्या अंधाराकडेच वळण्याचा संभव अधिक. गोदावरीकाठी न मिळालेले ते मस्तक शोधण्यास उद्या कोणी निघालाच, तर ते मस्तक मिळालेले नाही हे त्याला लहानपणी कोणी तरी सांगितलेले असले पाहिजे.