कोणता याकोब?

चि. भाचेराव यांस,


खोपोलीच्या बायबल अभ्यासासाठी केलेलं तुझं टिपण काल व्हॉट्सॲपवर मिळालं. मेहनत दिसते. पण ‘विषय : याकोब’ या मथळ्याखाली आधी यब्बोकच्या उतारापाशी रात्रभर झुंजलेला याकोब आहे, त्याच्याखाली हेरोदानं तलवारीनं मारलेला याकोब, आणि शेवटी आजाऱ्यासाठी मंडळीच्या वडिलांना बोलवा असं लिहिणारा याकोब. सगळं एकाच माणसाचं चरित्र असल्यासारखं. ही जोडणी तुझ्या बायबल ॲपनं केली, हे मला कळतं. पण लोक ऐकणार ते तुझ्या तोंडून, म्हणून लगेच लिहायला बसलो.

इंग्रजीत इसहाकाचा मुलगा जेकब आणि जब्दीचा मुलगा जेम्स. आपल्या शास्त्रात दोघेही याकोब. इंग्रजी विषयसूची मराठी अक्षरांवर बसवली, की यंत्राला दोघे एकच दिसतात. तुला कर्जतवरून हे चटकन कळेल. तुमचं कर्जत रायगडातलं, आमच्या अहिल्यानगर जिल्ह्यातलं कर्जत निराळं, आणि खालापूरचा शेतकरी ‘कर्जत-३’ म्हणतो तेव्हा तो भाताच्या बियाण्याबद्दल बोलत असतो. बोलणारा कोण, कुठला, हे ठाऊक असलं की आपली गफलत होत नाही.

प्रेषितांची कृत्ये, अध्याय १२ उघड आणि सावकाश वाच. दुसऱ्या वचनात योहानाचा भाऊ याकोब मारला जातो. सतराव्या वचनात तुरुंगातून सुटलेला पेत्र म्हणतो, हे याकोबाला कळवा. मेलेल्याला कसं कळवणार? हा दुसरा याकोब, प्रभूचा भाऊ, जो पुढे १५ व्या अध्यायात यरुशलेमेच्या सभेत बोलतो. बाराव्या अध्यायातला हेरोदही बेथलेहेमची बाळं मारणारा नव्हे, त्याचा नातू अग्रिप्पा आहे. नावावर बोट ठेवून उडी मारणाऱ्याला यातलं काहीच दिसत नाही. अध्याय सलग वाचणाऱ्याला निदान अडखळायला तरी होतं, आणि ते अडखळणं मोलाचं आहे.

तू म्हणशील, मूळ शब्दांना दिलेले स्ट्राँगचे क्रमांक आहेत की. आहेत, आणि जरूर वापर. जेम्स स्ट्राँगची ती सूची १८९० ची, इंग्रजी बायबलवर बेतलेली. याकोबाच्या बाबतीत ती उपयोगी पडते: ग्रीकमध्ये पूर्वज याकोबाला २३८४ आणि प्रेषिताला २३८५. यहूदाच्या बाबतीत मात्र ती हात टेकते. याकोबाचा मुलगा यहूदा, इस्कर्योत यहूदा, पत्र लिहिणारा यहूदा, सगळे २४५५ खाली. योहान ३:८ मध्ये वारा आणि आत्मा यांनाही एकच क्रमांक, ४१५१. तिथं अर्थ वाक्यावरूनच काढायचा. क्रमांकावरून मूळ शब्द कळतो, माणूस कळत नाही.

आणि हा घोळ ॲपनं आणलेला नाही, तो पहिल्या शतकापासूनचा आहे. शुभवर्तमान लिहिणाऱ्या योहानाला तो ठाऊक होता. १४:२२ मध्ये यहूदाचं नाव घेताच तो ‘इस्कर्योत नव्हे’ असं सांगून ठेवतो. पत्र लिहिणारा यहूदाही पहिल्याच वचनात स्वतःला याकोबाचा भाऊ म्हणवतो, म्हणजे ओळख पटवतो. शास्त्र लिहिणाऱ्यांनी वाचकासाठी एवढी काळजी घेतली, ती पुढे नेणं हे शिकवणाऱ्याचं काम. म्हणून प्रत्येक नावापुढे कोणाचा मुलगा, कोणाचा भाऊ, कोणत्या गावचा, हे लिही. कळत नसेल तर जागा कोरी ठेव. अंदाजानं भरू नकोस.

पंडिता रमाबाईंचं भाषांतरही शेजारी उघडं असू दे. हिब्रू आणि ग्रीक शिकून केडगावला बसून त्यांनी ते केलं. १९२२ मध्ये त्या गेल्या आणि ते संपूर्ण छापून आलं १९२४ मध्ये. एखादं वचन दोन भाषांतरांत वेगळं दिसलं, की तिथं थांबायचं.

येत्या गुरुवारी शौलाचं परिवर्तन घेणार आहेस ना? तिथं हनन्या येईल. दिमिष्कातला, प्रेषितांच्या कृत्यांतल्या अध्याय ९ चा. ॲप तुला अध्याय ५ च्या हनन्याकडे नेईल, जो सप्पीरेचा नवरा आणि तिथंच मरून पडलेला. किंवा अध्याय २३ च्या महायाजकाकडे. दोन्ही दुवे काढून टाक. त्याऐवजी २२:१२ जोड. तिथं पौल स्वतः या हनन्याबद्दल सांगतो. सुधारलेलं टिपण बुधवारपर्यंत पाठव.

तुझा,
मामा